साडेदहाचं गाणं

आधी हॉर्न ऐकू आले. एक नाही, दहा-बारा, एकाच वेळी.

भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या रस्त्यावर हॉर्नचं कुणाला नवल नाही. गोदामांकडे वळणारे कंटेनर दिवसभर रस्ता अडवून धरतात आणि मागचे लोक दिवसभर हॉर्न वाजवून राग काढतात. पण आजचे सगळे हॉर्न एकाच गाडीवर तुटून पडले होते. दीपेश हातातला पेचकस तसाच घेऊन दुकानाबाहेर आला.

भर रस्त्यात एक जुनी पांढरी मारुती बंद पडली होती. मागच्या काचेवर लाल 'एल'. स्टिअरिंगवर बसलेली मुलगी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत होती आणि गाडी नुसती खोकत होती. तिच्या एका कानातून निघालेली बारीक वायर शेजारी बसलेल्या वयस्क माणसाच्या कानात गेली होती, आणि वाटेत गिअरच्या दांड्याला दोन वेढे घालून बसली होती.

दीपेशने काचेवर टकटक केलं. "ओ मॅडम! कानात वायर घालून गाडी चालवताय? मागं कंटेनर हाय, दिसतोय का?"

काच खाली झाली. "दिसतोय," ती म्हणाली. "ऐकूही येतोय... एका कानाने."

आवाज कापत होता. कपाळावर घाम होता. पण उत्तर मात्र तयार होतं! दीपेशला ओरडायचं होतं, ते राहूनच गेलं.

"न्यूट्रल करा. ब्रेकवरचा पाय काढा. मी ढकलतो."

गाडी दुकानासमोर कडेला लागली तेव्हा त्याने शेजारच्या माणसाकडे नीट पाहिलं, आणि हातातला पेचकस नकळत पाठीमागे लपवला.

"सर...?"

भिवंडीत जे मराठी शाळेत गणित शिकले त्यांना अण्णा सर विसरणं शक्य नव्हतं. सर वर्गात 'उभा राहा' म्हणाले की शेजारच्या वर्गातली मुलंसुद्धा उभी राहायची, असा आवाज. दीपेशला त्यांनी गणितात दोनदा नापास केलं होतं. पण एका सव्वीस जानेवारीला शाळेचा लाउडस्पीकर बंद पडला आणि तो दीपेशने चालू केला, तेव्हा सगळ्या शाळेसमोर तेच म्हणाले होते, "याला नापास मी केलाय. पण हा माईक मला चालू करता आला नसता." त्या एका वाक्याच्या जोरावर दीपेशने गाड्यांच्या टेपचं दुकान काढलं होतं.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. "ब... ब..." एवढंच बाहेर आलं. त्यांनी मान फिरवली.

"सहा महिने झाले," मुलगी हळू म्हणाली. "माझ्या अण्णांना, उजव्या बाजूला अर्धांगवायूचा झटका. आता हात बराच हलतो, पण बोलणं गेलं. गाणं मात्र येतं! ठाण्याला ज्या बाई बोलण्याचा सराव घेतात ना, त्या म्हणाल्या, बोलणं आणि गाणं यांची डोक्यात वेगवेगळी घरं असतात. एक घर पडलं तरी दुसरं उभं असतं. जातायेता अण्णांच्या आवडीची गाणी सतत लावा म्हणाल्या. दादाने हा प्लेअर भरून पाठवला. पण गाडीच्या टेपमध्ये कॅसेट अडकलीये, ती निघत नाही. म्हणून मग ही वायर..."

"आणि गाडी शिकून किती दिवस झाले?"

"अकरा." तिने ओढणीने तळहात पुसले. "दोन ड्रायव्हर सोडून गेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार जावंच लागतं. मग काय करणार?"

तिचं नाव मृणाली. राहायला टेमघरला, कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारच्या पाळीला नोकरी. हे सगळं दीपेशला कळलं ते गाडीत अर्धा आत घुसून, पाय बाहेर काढून काम करताना. त्याने दुकानातून अंगठ्याएवढं एक यंत्र आणून सिगारेट लायटरच्या भोकात बसवलं आणि तिच्या प्लेअरची वायर त्यात खुपसली.

"हे काय?"

"छोटं रेडिओ स्टेशन. पाच-दहा पावलांपुरतं. प्लेअरमधलं गाणं हे हवेत सोडणार आणि तुमच्या गाडीचा रेडिओ ते पकडणार. फक्त मोकळी जागा शोधायची, जिथं दुसरं कुठलं स्टेशन नाही."

अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनवर मोकळी जागा मिळाली. खरखर थांबली आणि दारांतल्या स्पीकरमधून पेटी वाजली. सरांची मान वळली. बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. आधी गुणगुण... आणि मग भजनाची एक अख्खी ओळ, शब्दन् शब्द स्वच्छ, त्या जुन्या आवाजात.

मृणालीने तोंड खिडकीकडे केलं. दीपेश हातातला पेचकस शोधू लागला.

"हा कायमचा इलाज नाही," तो थोड्या वेळाने म्हणाला. "ठाणं जवळ आलं की मोठी स्टेशनं यात घुसतील. खरं म्हणजे नवा टेप बसवायला पाहिजे, ज्याच्यात ही वायर थेट आत जाते. मुंबईहून मागवावा लागेल."

"मागवा," ती म्हणाली. "तोवर निभावून नेऊ."

गाडी दोनदा आचके देऊन निघाली. दीपेश रस्त्याच्या कडेला उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिला. कंटेनर केवढे, ती गाडी केवढी...

सोमवारी काउंटरवर एका गिऱ्हाइकाचा टेप दुरुस्त करता करता त्याने रेडिओ सहज अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनवर लावून ठेवला होता. नुसती खरखर. साडेदहाच्या सुमाराला त्या खरखरीतून पेटीचा सूर वर आला. लांबून, विहिरीतून यावा तसा. मग तबला. मग शब्द. दीपेशने मान वर केली. समोरून पांढरी मारुती मुंगीच्या पावलाने चालली होती. स्टिअरिंगवर दोन्ही हात घट्ट, मान ताठ, डोळे समोर. गाडी पुढे गेली तसं गाणं बारीक होत होत पुन्हा खरखरीत बुडालं.

त्या दिवसापासून दुकानातला तो रेडिओ त्या जागेवरून हलला नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. जाताना साडेदहा, येताना दोन. दहा वाजल्यापासून त्याचं अर्धं लक्ष रेडिओकडे असायचं. उशीर झाला की मनात नको नको ते यायचं. ब्रेक लागला नसेल का? चढावर गाडी मागे गेली असेल का? मग खरखरीतून सूर वर आला की तो श्वास सोडायचा. वडील केसरीनाथ दुकानात डोकावायचे. घरची जमीन गोदामांना गेल्यापासून त्यांना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता.

"पोरा, त्यो रेडिओ बिघडलाय का? सकालधरनं नुस्ता खरखर करतंय."

"टेस्टिंग चालू हाय, दादा."

"दोन महिनं?"

परत येताना मृणाली कधीकधी थांबायची. काहीतरी तक्रार असायचीच.

"तुमचं स्टेशन काशेळीच्या पुलावर बंद पडतं."

"पुलावर खाडीचं वारं असतं. गाणं उडून जातं."

"असं असतं?"

"नाही. पण ऐकायला बरं वाटतं."

ती हसली. हसताना तिच्या डाव्या भुवईवर बसलेली रस्त्याची धूळ हलली. ती पुसायला सांगावं, असं त्याला वाटलं. सांगितलं मात्र नाही.

"गाडीवर हात बसला आता तुमचा," तो म्हणाला.

"कशावरून?"

"आज फक्त दोघांनी शिव्या दिल्या."

"तीन! एक तुमच्या दुकानाच्या अलीकडे होता." मग जरा थांबून, "तुम्ही मोजता?"

"न्हाय... म्हंजे... दुकान रस्त्यावर हाय ना..."

"घाबरलात की तुमचं 'हाय' बाहेर येतं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. त्या रात्री दीपेशला जेवण गेलं नाही.

आणि मग नवा टेप आला.

त्याने खोकं उघडलं. पुढे वायर घालायला छान गोल भोक होतं. एकदा बसवला की गाणं थेट वायरीतून जाणार. तुटणार नाही, उडणार नाही. हवेतही येणार नाही. दुकानातल्या रेडिओवर मग साडेदहाला काय लागणार? आणि तक्रारच उरली नाही तर ती थांबेल कशाला? सरांची मुलगी. आपण दोनदा नापास झालेला गावातला पोरगा. काम झालं की हिशेब मिटला...

त्याने खोकं बंद केलं आणि फळीखाली सरकवलं. उद्या सांगू.

उद्याचे बारा दिवस झाले. मध्ये तिने एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माल अडकलाय मुंबईला." स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही.

"घाई नाही हो," ती म्हणाली. "फक्त पुलावर भीती वाटते. गाणं तुटलं की अण्णा घाबरतात, रेडिओला हात घालतात. मला रस्ता बघू की त्यांना, कळत नाही."

सोमवारी नक्की, त्याने ठरवलं. काहीही झालं तरी सोमवारी.

पण त्याआधी शुक्रवार होता.

साडेदहाला गाणं गेलं. दोनला आलं नाही. अडीचला खरखर. तीनला तिची कॉलेजची पाळी सुरू व्हायची, ती कधी चुकवायची नाही. तीन वाजले. दीपेशने आवाज वाढवला, जणू खरखर मोठी केली की तिच्यातून गाणं निघेल. सव्वातीनला त्याने शटर अर्धं ओढलं आणि मोटारसायकलला किक मारली.

काशेळीचा पूल. मध्यावर बघ्यांचा घोळका. पांढरी मारुती कठड्याला घासून तिरकी उभी, पुढचा एक दिवा फुटलेला.

"कुछ नहीं हुआ भाईसाब," एक टेम्पोवाला म्हणाला. "ऊपरवाले ने बचाया. मैंने टाइम पे ब्रेक मार दिया."

सर मागच्या सीटवर बसले होते. कपाळाला रुमाल, त्यावर रुपयाएवढा लाल डाग. डोळे मिटलेले. मृणाली कठड्याला टेकून उभी होती, डाव्या हाताने उजवं मनगट धरून.

"एकदम कसली तरी जाहिरात लागली, कर्कश," ती म्हणाली. ती रडत नव्हती, याचीच त्याला जास्त भीती वाटली. "अण्णा दचकले. त्यांनी स्टिअरिंगच धरलं." मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तो नवा टेप कधी येणार हो?"

खोटं बोलणं सोपं होतं. जिभेवर तयारही होतं. दीपेशने एकदा सरांच्या कपाळाकडे पाहिलं.

"आलाय."

"कधी?"

"बारा दिवस झाले."

खालून खाडीचं वारं आलं. टेम्पोवाला उगाच आपल्या टायरकडे बघू लागला.

"मग?" ती म्हणाली.

मग काय, ते त्याला सांगता येईना.

"घरापर्यंत गाडी चालवाल?" ती शेवटी म्हणाली. "माझा हात चालत नाही. आणि... काही बोलू नका. प्लीज."

मोटारसायकल पुलावरच ठेवून त्याने गाडी चालवली. पूर्ण्यावरून, स्वतःच्या अर्ध्या शटरसमोरून, टेमघरपर्यंत. आरशात दोनदा सरांचे डोळे दिसले. ते त्याच्याकडेच पाहत होते, पण रागाने की कसे, ते त्याला वाचता आलं नाही.

शनिवारी सकाळी त्याने त्यांच्या इमारतीखाली गाडीत नवा टेप बसवला. दिवाही नवा घातला. मृणालीच्या आई, सुमतीबाई, चहा घेऊन खाली आल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. "किती धावपळ करतोस रे आमच्यासाठी," म्हणाल्या. तो चहा त्याने बॉनेटवर तसाच ठेवला. मृणाली मनगटाला क्रेप बँडेज बांधून आली आणि दोन हात अंतरावर उभी राहिली.

"वायर इथं घालायची," तो म्हणाला. "आता तुटणार नाही."

"कळलं."

एवढंच.

सोमवारी साडेदहाला रेडिओवर खरखर होती. बुधवारीही. गाडी गेली की नाही, कोण चालवत होतं, सरांची जखम भरली का, काही कळायला मार्ग नव्हता. फोन करावा तर कुठल्या तोंडाने? तो दोन दिवस रस्त्याकडे पाठ करून बसला. वेगळी शिक्षा कुणी द्यायची गरजच नव्हती.

पुढच्या शुक्रवारी साडेदहाला एक गाडी रस्ता सोडून थेट दुकानासमोर येऊन थांबली. आचका न देता. मृणाली उतरली. मनगटाला बँडेज तसंच. सर पुढच्या सीटवर, खिडकीची काच खाली.

ती काउंटरसमोर उभी राहिली. "मला एक सांगा. बारा दिवस का? आठवडाभर विचार करतेय. विसरलात म्हणावं, तर तुम्ही विसरणारे नाही. लबाडी म्हणावी, तर त्यात तुमचा फायदा काय?"

दीपेशने खरखरणाऱ्या रेडिओवर हात ठेवला. "याच्यावर... तुमच्या गाडीतलं गाणं लागायचं. तुम्ही जवळ आलात की. साडेदहाला आणि दोनला."

"म्हणजे?"

"म्हंजे तुम्ही नीट चाललाय, ते कळायचं मला. गाणं आलं की जीव खाली पडायचा. नवा टेप बसवला असता तर ते बंद झालं असतं. मला... मला त्याच्याशिवाय करमत न्हाय." त्याने खाली पाहिलं. "सरांना लागलं. तुम्हाला लागलं. चूक लई मोठी हाय. माफी मागायला पण तोंड न्हाय मला."

तिने त्या रेडिओकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम बदलला. "थांबा! गाडीत जे बोलायचो, तेही इथे ऐकू यायचं?"

"न्हाय न्हाय! फक्त गाणं. आईशप्पथ."

"वाचले!" तिने छातीवर हात ठेवला.

"का? काय बोलायचा?"

"अण्णा उलटून काही बोलत नाहीत ना, त्यामुळे त्यांना सगळं सांगायचे मी. अगदी सगळं."

"सगळं म्हंजे?"

"ते तुम्हाला कशाला सांगू?" कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "राग गेलेला नाही माझा, नीट समजून घ्या. पुन्हा खोटं बोललात तर या दुकानाकडे मी बघणारसुद्धा नाही."

"नाही बोलणार."

"आणि अजून एक." ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "रोज काही जाम नसायचा... तुमच्या दुकानासमोर."

त्याला अर्थ लागायला वेळ लागला. मुंगीच्या पावलाने जाणारी गाडी, ताठ मान, समोर डोळे... "मग गाडी एवढी हळू...?"

"पहिल्या गिअरवर," ती म्हणाली. "मागचे शिव्या द्यायचे ते उगाच नाही."

तेवढ्यात बाहेरून सूर आला. कुठलंच गाणं नव्हतं ते. भजनाच्या चालीवर, एकेक अक्षर ओढत, सर खिडकीतून त्याच्याकडे बघून गात होते.

"दी... पे... श... उ... भा... रा... हा..."

"बाईंनी शिकवलंय," मृणाली कुजबुजली. "चालीत बसवलं की वाक्य निघतं. आठवडाभर हेच बसवत होते. मला वाटलं, तुम्हाला रागावायचंय."

दीपेश उभाच होता, तरी अजून सरळ उभा राहिला. दोन्ही हात बाजूला, शाळेसारखे. सरांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग डावा हात उचलून गाडीच्या मागच्या सीटकडे दाखवला. बस.

त्याने शटर ओढलं आणि बसला.

मग दर बुधवारी त्याने ठाण्याला सोबत जायचं ठरूनच गेलं. गाडी मृणालीच चालवायची. तो मागे बसून फक्त 'ट्रक येतोय' म्हणायचा आणि ती 'दिसतोय' म्हणायची. ठाण्यात सर आत सरावाला गेले की दोघं बाहेरच्या लाकडी बाकावर बसायचे. सुरुवातीला मध्ये तिची पर्स असायची. पुढे पर्स तिच्या मांडीवर गेली. सर आता तीन-तीन शब्द जोडू लागले होते, आणि सुमतीबाईंना न विचारताच बरंच काही कळलं होतं.

अशाच एका बुधवारी मृणाली बाकावर पाय हलवत बसली होती. मग म्हणाली, "आई विचारत होती..."

"काय?"

"तुमच्यात... आधी कोण जातं? मुलाकडचे जातात की मुलीकडचे येतात?"

दीपेशच्या डोक्यात खरखर सुरू झाली. "कुठं?"

"बघायला!" ती जवळजवळ ओरडली, आणि मग खाली बघून हळूच, "येऊ म्हणतायत रविवारी. तुमच्याकडे. अण्णापण. तुम्हाला चालणार असेल तर..."

त्याला बरंच काही बोलायचं होतं. त्या पुलावर बोलायचं राहिलेलं, काउंटरवर अर्धं राहिलेलं. त्याने फक्त बाकावरचा तिचा हात धरला. तोच, दुखावलेल्या मनगटाचा, अगदी जपून. तिने तो काढून घेतला नाही. आतून सरांचा सूर येत होता.

मग सरांच्या घरी मासे चालत नाहीत हे एकदम आठवून त्याने दुसऱ्या हाताने खिशातला मोबाइल काढला आणि घरी लावला. त्याच्या आईने, कमळने, उचलला.

"आय, आईक. रैवारी म्हावरा आनू नको."

"का रं?" पलीकडून घाबरा आवाज आला. "जीव बरा हाय ना तुजा?"